गुरुजींची मींड

गुरुजींच्या छापील पदांत मींड नाही, ती मी गाळली. हे आजवर कुणाला बोललेलो नाही. घरातसुद्धा.

गुरुजी भूकंपाच्या पट्ट्यातले. गाव गेलं, भजनी मंडळातले सोबती गेले, आणि त्या मंडळाच्या चाली एकट्या त्यांच्या गळ्यात उरल्या. पुढे लातुरात गल्लोगल्ली क्लास निघाले. मी ज्या क्लासात नोकरीला होतो तिथल्या सरांनी संगीत परीक्षेचीही बॅच काढली, का तर दहावीला वाढीव मार्क मिळतात. शिकवायला गुरुजींना आणलं आणि त्यांची पदं कॉम्प्युटरवर स्वरलिपीत उतरवायला मला बसवलं.

"पोरं मार्कांसाठी येऊन राहिलीत," गुरुजी म्हणाले. "येऊ दे. चाल तर कागदावर राहील."

त्या सॉफ्टवेअरात रोज लागणारी चिन्हं पडद्यावर वरच्या ओळीत लावून ठेवता यायची. एक क्लिक, काम झालं. कोमल-तीव्राच्या रेघा, सप्तकाची टिंबं, सम, खाली, सगळं मी तिथे लावलं. मींडेची कमान, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर आवाज ओढत नेण्याची खूण, तेवढी मेनूच्या पोटात खोल राहिली. तीही वर आणता आली असती, हे मला ठाऊक होतं. परीक्षेत विचारत नाहीत म्हणून आणली नाही.

आणि गुरुजी पद कधी मधून उचलत नसत. "थांबा" म्हटलं की पुन्हा ध्रुवपदापासून. मी मेनू धुंडाळेपर्यंत ते पुढे गेलेले असायचे. परत म्हणायला लावलं की त्यांना धाप लागायची, खोकला यायचा, आणि मला त्या घरघरणाऱ्या कफाची किळस यायची. माणसाची, त्याच्या म्हातारपणाची. मी नुसते सूर टाकत सुटलो.

"मींड घेतलीस का रे बापू? तिच्याबिगर ते पद न्हाई, पाढे हाईत."

"घेतली की, गुरुजी."

"मला त्या पडद्यावरचं काय बी दिसत न्हाई, म्हणून इचारलं. दिसलं असतं तर तुझे कान उपटले असते."

आम्ही दोघंही हसलो.

पदांची पुस्तिका छापून आली तेव्हा गुरुजी हयात नव्हते. मुलं त्यावरून म्हणू लागली, एकेक सूर जमिनीवर वीट आपटल्यासारखा. सर खूश. "एकदम क्लीन काम झालंय!" काय गाळलंय ते मला रोज ऐकू येत होतं. तरी त्याच क्लासात मी पगार घेत राहिलो.

एक दिवस गुरुजींची मुलगी भोकरहून पुस्तिका घ्यायला आली. तिने उभ्याउभ्या पान वाचलं, पुटपुटत म्हणून पाहिलं आणि थबकली. मग तीच ओळ तिने वडिलांसारखी म्हटली. आवाज एका सुरावरून दुसऱ्यावर अलगद वाहत गेला.

"दादा तर असं म्हणायचे. तुम्ही बसला होतात ना संगं? शेवटी शेवटी इसरले होते का ते?"

"हाव ताई," मी म्हणालो. "वय झालं होतं."

तिने पुस्तिका मिटली. मग म्हणाली, "न्हाई, दादा कशाला इसरतील? माझंच चुकत असंल." आता ती आपल्या लेकीला छापलं तसंच शिकवते म्हणे. स्वतःचा खरा गळा तिने माझ्या खोट्यापायी मोडून घेतला. याहून घाण काम माझ्या हातून झालेलं नाही.

मी आता नांदेडला असतो, भोकर काही लांब नाही. तिच्यासमोर बसून, तुमचे वडील काही विसरले नव्हते, मी खोटं बोललो, हे सांगायचं आणि तिच्याकडून एकेक मींड लिहून घ्यायची, एवढं माझ्याकडून अजून राहिलं आहे.