टाकीतलं शेवाळ

माझे सासरे कोरगावचं खाजन, म्हणजे खाडीकाठची बांधाआडची शेती, सोडून साखळीला आमच्याकडे राहायला आले, ते माझ्या नवऱ्याशी अबोला धरूनच. गोव्यातल्या मराठी-कोंकणी वादात हे बापलेक एकमेकांविरुद्ध घसा फोडून भांडले होते, पण तेव्हा निदान बोलत तरी होते. बांध फुटून खारं पाणी शेतात शिरलं, नवरा म्हणाला, आता पुरे, सोडून द्या, आणि तिथे सगळं संपलं. "त्येका विचार, जेवतलो काय," सासरे मला म्हणत. 'तो' समोर ताटावर बसलेला असे. दोघांच्या मध्ये मी पोस्टमन. कधी कधी असा राग यायचा की दोघांनाही उपाशी ठेवावं.

मग नवऱ्याने खाऱ्या पाण्याची काचेची टाकी आणली. हौस म्हणून, असं तो म्हणाला. मांडली मात्र बरोबर सासऱ्यांच्या खुर्चीसमोर. मीठ कालवून पाणी केलं, दगड रचले, दोन नारिंगी मासे सोडले. दुकानदाराने एक बाटलीही दिली होती: समुद्रात असतात ते क्षार, रोज टोपणभर घालायचे. रात्री खाणीवरून आला की नवरा आठवणीने घालायचा.

सासरे दिवसभर टाकीपुढे बसू लागले. माणूस बदलला. महिन्याभराने दगडांवर तपकिरी थर धरला, मग हिरवं शेवाळ आलं. मला ते किळसवाणं वाटे, ते मात्र खूश. खाजनात भात कापल्यावर खारं पाणी आत घेतात, त्यात शेवाळ धरलं की मासळी, त्यांचं नुस्तं, पोसते, हे त्यांनी जन्मभर पाहिलेलं.

"बघ गो, पाणी जिता जाला! आता नुस्त्याक कमी पडूचा नाय."

शेवाळ वाढतच गेलं. काचेवर चढलं, दगड दिसेनासे झाले, मासे कोपऱ्यात जाऊन धापा टाकू लागले. नवरा पाणी बदलून दमला. जेवणाचे निरोप माझ्यामार्फत जात होते, बाटलीचा निरोप मात्र कुणीच कुणाला दिला नाही.

एका रविवारी सकाळी देवापुढे दिवा लावून सासरे टाकीशी गेले आणि बाटलीचं टोपण उघडलं. नवरा दारातच उभा होता.

"तुमी घालतास?"

वर्षभरात पहिल्यांदाच तो थेट त्यांच्याशी बोलला.

"तुका वेळ खय, म्हणान मी सकाळी घालतंय," सासरे म्हणाले. "रोज."

"मीय घालतंय!"

सासऱ्यांच्या मिशीखाली हसू आलं, मी पाहिलं. मला वाटलं, सुटला आता अबोला, हसतील दोघे. मी चहा टाकायला वळलेसुद्धा.

पण नवऱ्याची नजर टाकीकडे गेली. एक मासा तळाशी आडवा झाला होता.

"ह्या काय तुमचा खाजन न्हय," तो म्हणाला. "ता बुडयलास, आता ह्याय बुडयतास."

बांध सासऱ्यांनी फोडला नव्हता, हे त्यालाही ठाऊक होतं. सासऱ्यांनी टोपण लावलं, बाटली जागेवर ठेवली आणि पिशवी भरायला घेतली. मी वाट अडवली, रडले, काही उपयोग झाला नाही. दुपारच्या बसने ते कोरगावला गेले.

बाटली बंद केल्यावर शेवाळ हळूहळू ओसरलं. नव्या टाकीत थोडं येतंच, आमच्याकडे डबल खुराकाने माजलं, असं दुकानदार म्हणाला. उरलेला मासा जगला. दोघांनी एकच काम एकमेकांसाठी केलं आणि त्यानेच घात केला, हे आठवलं की अजून जीव तुटतो माझा.

काचा स्वच्छ झाल्यावर नवरा त्यांना आणायला गेला, मीही बरोबर होते. सासरे हसून पुढे आले. खुर्ची दिली. बस वेळेवर मिळाली का, विचारलं. त्याच्याशीच बोलत होते, सरळ, गोड. चहा झाला, शेजाऱ्यांच्या काजूचं बोलणं झालं. टाकीचा शब्द नाही, आमच्याकडे परत यायचाही नाही, भांडणाचाही नाही. आल्यागेल्या पाहुण्याशी बोलावं तसं सगळं. निघताना "सांभाळून जावा" म्हणाले.

परतीच्या बसमध्ये, डिचोली आल्यावर नवरा म्हणाला, "त्यापेक्षा अबोला बरो होतो गो."