कोळ्याची पोर, दिव्याची शाळा

टेम्पोत शेवटची गादी चढली तेव्हा सासूबाई ओट्यावर पाठमोऱ्या बसून सुका जवळा पाखडत होत्या. उठल्या नाहीत. माझी रिद्धी तोंडाला ओढणी बांधून पुढे ड्रायव्हरशेजारी बसली होती, कारण त्या धुळीनेसुद्धा तिचे ओठ सुजायचे, श्वास अडकायचा. कोलंबी, करंदी, जवळा खाणं सोडाच, वाफ आणि धूळही नको, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. "कोल्याची पोर आन् म्हावरा सोसत नाय? आसा कदी आयकला नाय गो," एवढंच सासूबाई बोलल्या.

कोळीवाड्यातल्या तुमच्यापैकी कितीतरी जणांना अजून वाटतं, हिला फ्लॅट हवा होता, पोरीचं निमित्त केलं. या एकदा दिव्याला, आमच्या भाड्याच्या घरी. चौथा मजला, लिफ्ट नाही, पाणी मनात येईल तेव्हा. तिकडे दार लोटलं की खाडीचा वारा. इथे खिडकी उघडली की शेजाऱ्यांची खिडकी. हौस म्हणून कोण येईल? पण इथे आल्यापासून रिद्धीची छाती वाजायची थांबली.

मग शाळेत नाव घालायला गेले, रिद्धीचा त्रास सांगितला. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "एका मुलीसाठी सगळ्यांचे डबे तपासायचे का? डब्याच्या सुट्टीत तिला ऑफिसात बसवू. नाहीतर दुसरी शाळा बघा."

"मॅडम, हिच्यासाठी घर बदललंय. आता शाळा नाही बदलणार," मी म्हटलं. "आणि ही एकटी जेवणार नाही. तिने काय गुन्हा केलाय?"

डबे बंद करा असं मी म्हणतच नव्हते. कोळ्यांची सून मी, दुसऱ्याच्या पोराचं म्हावरं कशाला बंद करू? मागणं एवढंच होतं : कोणी कोणाच्या डब्यातलं खायचं नाही, जेवल्यावर साबणाने हात धुवायचे, बाक पुसायचे, आणि श्वास अडकला तर द्यायचं डॉक्टरांनी दिलेलं इंजेक्शन वर्गाजवळ हवं, कुलुपात नको. नळाला पाणी नसतं म्हणाल्या. सॅनिटायझर चालेल ना, त्यांनी विचारलं. नाही चालत, त्याने हाताला लागलेलं म्हावरं जात नाही, मी सांगितलं. मग मी रोज घरून पाण्याचा कॅन उचलून नेला. लोक हसले, हसू दे. वर्गशिक्षिका कांबळे टीचर मात्र माझ्याबरोबर डॉक्टरांकडे आल्या आणि इंजेक्शन द्यायला शिकल्या.

रिद्धी दुसरीत असताना एका मुलाने वाढदिवसाला तळलेले पांढरे चिप्स वाटले. त्यात कोलंबी असेल हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. एक तुकडा खाल्ला आणि तिने गळा धरला. टीचरनी तिला तिथेच आडवं केलं, मांडीत इंजेक्शन दिलं आणि गाडी बोलावून दवाखान्यात नेलं. मी धावत पोचले तेव्हा ती सुजलेल्या डोळ्यांनी बघत म्हणाली, "आई, आता मला ऑफिसात बसवणार?"

मुख्याध्यापिका दवाखान्याच्या दारातच उभ्या होत्या. त्या आत आल्या. "नाही बाळा," त्या म्हणाल्या, "वर्गातच बसायचं. वाढदिवसाचा खाऊ बंद. आणि इंजेक्शन आम्ही सगळ्याच शिकतो."

संध्याकाळी सासूबाई आल्या. अंगाला जवळ्याची धूळ नको म्हणून डोक्यावरून पाणी घेऊन, धुतलेलं लुगडं नेसून. नातीचा चेहरा पाहिला आणि खाली जमिनीवरच बसल्या. तेव्हापासून वाड्यात कोणी म्हटलं, सून वेगळी निघाली, तर म्हणे त्याच भांडतात : "गेली म्हनून माजी नात जित्ती हाय!"

तुम्ही विचारता, परत कधी येणार? सणाला येऊ, लांबून खाडीला नारळ वाहू. राहायला नाही. त्या वाऱ्याची आठवण आली की मला अजून रडू येतं, ते मी लपवत नाही. माझ्यासारखं पोरांपायी ज्यांनी घर सोडलं, त्यांना हे कळेल. जिथे माझी पोर चारचौघांत बसून बिनघोर जेवते, ते माझं घर. त्याला कोणी परकं म्हणो, भाड्याचं म्हणो. मी मान खाली घालणार नाही.