डोंगरी कोरफडीची सुकलेली पानं

सिंगापुरात पासिर रिसला आमच्याच मजल्यावर टोकाच्या फ्लॅटमध्ये एक म्हातारे चिनी गृहस्थ राहतात. नाव मी कधी विचारलं नाही. ते मला आंटी म्हणतात, मी त्यांना अंकल. ऊन सरकेल तशी ते कॉरिडॉरमधली एक जड कुंडी पायाने ढकलत नेतात. त्यात आफ्रिकेतल्या डोंगरांवरची रानटी कोरफड आहे. पानांच्या पाठीवरही काटे. बीपासून वाढवून चौदा वर्षं झाली, फूल नाही. मरण्याआधी एकदा ते बघायचंय, एवढंच त्यांचं म्हणणं.

गेल्या महिन्यात ते आठवडाभर इस्पितळात होते. कुंडी माझ्याकडे. घरच्या कोरफडीची काढते तशी मी तिच्या खोडावरची सगळी सुकलेली पानं ओढून काढली.

अंकल परतले आणि उघड्या खोडावरून हात फिरवत राहिले.

"आंटी, हा तिचा कोट होता लाह! डोंगरात वणवा पेटला की हीच पानं खोड वाचवतात."

"अहो, इथे कुठला वणवा?"

"तिला कुठे ठाऊक आहे?"

पानांची पिशवी अजून टाकली नव्हती. मी ती आणून दिली. ते एकेक पान खोडाला लावून सुतळी गुंडाळू लागले. गाठीवर धरायला त्यांनी माझं बोट मागितलं. शेवटची गाठ बसेपर्यंत मी ते हलवलं नाही.