साबडेचं सिल्व्हर

कारखान्यातलं भंगार वर्षातून एकदा लिलावात निघतं. किस्से मात्र साठतच जातात. आमच्या तळेगावच्या ऑफिसात तर क्वालिटीच्या श्रीकांत साबडेनं एकट्यानं गोदाम भरून दिलंय.

माणूस तसा सरळ, कामाला चोख. वर्षातून दोन-तीनदा सप्लायरच्या ऑडिटला विमानानं जायचा, गुपचूप परत यायचा. मग एका विमान कंपनीनं त्याला कळवलं, अजून थोडा प्रवास केलात तर तुम्ही आमचे 'सिल्व्हर मेंबर'! झालं. तेव्हापासून साबडे जमिनीवर आलेला नाही.

*

सिल्व्हर मिळालं आणि बॅगेला लावायचा चकचकीत टॅग घरी आला. त्यावर साबडेचं नाव! पण पुढचं ऑडिट लांब होतं. तोवर टॅग काय कपाटात ठेवायचा? साबडेनं तो डब्याच्या पिशवीला लावला आणि कॅन्टीनमध्ये पिशवी अशी ठेवली, की येता-जाता सगळ्यांना दिसावी.

वाढणाऱ्या हिरामावशींनी वाकून बघितलं.

"साहेब, डबा लय हरवतो व्हय तुमचा?"

*

"आपण सगळ्यात आधी चढतो," हे साबडेचं लाडकं वाक्य. एकदा आम्ही दोघं बरोबर निघालो. गेटवर सिल्व्हरवाल्यांना आधी बोलावलं. साबडे माझ्याकडे न बघता छाती काढून पुढे गेला.

बाहेर विमान नव्हतं. विमानापर्यंत नेणारी बस होती!

साबडे पहिला चढला, म्हणून मागून आलेल्या गर्दीनं त्याला पार कोपऱ्यात ढकललं. मी शेवटी चढलो आणि दाराशीच उभा राहिलो. बस विमानाजवळ थांबली, दार उघडलं, मी पहिला उतरलो. साबडे विमानात आला तेव्हा मी पट्टा बांधून बसलो होतो आणि त्याच्या सीटवरच्या कप्प्यात भलत्याच कुणाची बॅग होती.

"बसचंही गोल्ड वगैरे मिळतं का, विचारून बघ की!" मी म्हणालो.



*

मेहुणीचा साखरपुडा होता, नागपूरला. पुण्याहून सरळ विमान होतं. साबडेनं तिकीट काढलं वाया दिल्ली. दोन विमानं म्हणजे गोल्डसाठी जास्त पॉइंट्स!

त्याची बायको, आमच्या वृषालीवहिनी, शहाण्या. "मला साखरपुड्याला जायचंय, दिल्लीला नाही," म्हणाल्या आणि आदल्या दिवशीच्या रेल्वेनं माहेरी गेल्या.

दिल्लीत धुकं पडलं. विमान अडकलं. साबडे नागपूरला पोचला तेव्हा मांडववाले खुर्च्या एकात एक रचत होते. सासरे दारातच उभे होते. जावयावर चिडता येत नाही, तोंडावर हसू आणावं लागतं.

"या या जावईबापू," ते म्हणाले. "दिल्लीत सगळे मजेत?"

*

मग चेन्नईचं ऑडिट. सिल्व्हरवाल्यांना एअरपोर्टच्या लाऊंजमध्ये खाणं फुकट, म्हणून साबडे तिथे जाऊन बसला. इडली झाली, पास्ता झाला, गुलाबजाम झाले. बाहेर नावाचा पुकारा होत होता, पण आत निवांत संगीत चालू. दुपारी मोठ्या साहेबांचा फोन आला.

"साबडे, पोचलास का? सप्लायर वाट बघतोय."

"सर, लाऊंजमध्ये आहे."

"चेन्नईच्या?"

"...पुण्याच्या."

त्या वर्षीची बढती दुसऱ्याला मिळाली. आम्हाला वाटलं, आता तरी डोळे उघडतील. साबडे म्हणाला, "असू दे रे. पुढच्या वर्षी गोल्ड होतोय!"

*

गोल्ड राहिलं बाजूला, वर्ष संपत आलं तेव्हा सिल्व्हर टिकवायलाच एक जाऊन-येऊन प्रवास कमी पडत होता. साबडे घरी म्हणाला, "यंदा लग्नाचा वाढदिवस गोव्याला!"

वहिनी हरखल्या. लग्न झाल्यापासून फिरायला म्हणून त्यांना नेलं होतं ते लोणावळ्याला; तेही लोकलनं, चिक्की घेऊन संध्याकाळी घरी. त्यांनी मोठी टोपी घेतली, नवा ड्रेस घेतला, सोसायटीतल्या सगळ्या बायकांना सांगितलं.

गोव्याला उतरल्यावर वहिनी बाहेरच्या दाराकडे निघाल्या. साबडे भलतीकडेच.

"अहो, टॅक्सी इकडे मिळते."

"टॅक्सी कशाला? हेच विमान आत्ता परत जातंय. आपल्या सीटसुद्धा त्याच मागून घेतल्यात!"

दोघांत एकच बॅग होती. वहिनींनी ती त्याच्या हातातून काढून घेतली, टोपी डोक्यावर चढवली, "हॅपी ॲनिव्हर्सरी" म्हणाल्या आणि चालत्या झाल्या.

साबडे परतीच्या विमानात बसला. शेजारी रिकामी सीट.

दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये त्यानं आमच्यासमोरच विमान कंपनीला फोन लावला. स्पीकर चालू होता.

"मॅडम, माझ्या मिसेस परतीच्या विमानात चढल्याच नाहीत!"

"अरे बापरे! सर, त्या सुखरूप आहेत ना?"

"त्या समुद्रावर मजेत आहेत हो," साबडे खेकसला. "त्यांच्या सीटचे पॉइंट्स माझ्या खात्यात कधी येणार, ते सांगा!"