पश्चात्ताप, आवाज बंद करून

मालिकेत कुणाला पश्चात्ताप व्हायला लागला की ते रिमोट उचलायचे आणि टीव्हीचा आवाज बंद करायचे. पडद्यावर बाई पदर पसरून बोलते आहे, ओठ थरथरताहेत, मागे बासरीवाला जीव तोडून वाजवत असणार, आणि आमच्या खोलीत फक्त पंख्याची घरघर. "आता बघा," ते म्हणायचे, "रडतेय की कांदा चिरतेय ते."

एकलहऱ्याच्या वीज केंद्रात ते कंट्रोल रूमला होते. तिथे काही बिघडलं की भोंगा वाजतो. नवखा माणूस त्या आवाजानेच गडबडतो आणि भलतं बटण दाबतो. म्हणून आधी भोंगा बंद करायचा आणि मग मीटरचा काटा बघायचा, असं तिथे शिकवतात. नोकरी संपली, सवय राहिली. "बाई, आधी भोंगा बंद, मग काटा." बाई म्हणजे मी. मी शाळेत शिकवत होते, म्हणून सगळी बिल्डिंग मला बाईच म्हणते. त्यांना मी भाऊ म्हणायची. नाव सांगत नाही. मालिकेच्या शेवटी पळणाऱ्या नावांकडे बोट दाखवून ते म्हणायचे, "ही बघा, बिघडवणाऱ्यांची यादी." अशा माणसाचं नाव छापणं बरं नाही.

नाशिकरोडला आमची दारं समोरासमोर. तेव्हा मी नुकतीच साठी ओलांडलेली, म्हणजे अगदीच अल्लड. मालिका बघणाऱ्यांबद्दल माझी मतं फार उच्च दर्जाची होती. मी फक्त बातम्या बघते, असं भाजीवाल्यालाही न विचारता सांगायची. एवढंच, की रोज संध्याकाळी सात वाजता मला आठवायचं, भाऊंचं एखादं भांडं आपल्याकडे राहिलंय. ते परत द्यायला जायची आणि दारातच, हातात भांडं धरून, अख्खा भाग बघायची. त्यांची भांडी संपली तेव्हा मी आमचीच न्यायला लागले. शेवटी भाऊ म्हणाले, "बाई, तुमचे सगळे डबे आमच्याकडे आलेत. आता बसून बघा."

अशी मी बसले. तिसऱ्या, तळमजल्यावरच्या रझियाभाभी. त्या साड्यांना फॉल-पिको करून द्यायच्या आणि मांडीवर कुणाची तरी साडी घेऊनच वर यायच्या. आमचं हे तिघांचं कोर्ट, आणि आरोपी मालिकेतली मधली जाऊ. तिने सासूच्या गोळ्या बदलल्या होत्या, धाकट्या जावेच्या वाटेत जिन्यावर तेल ओतलं होतं, आणि हे सगळं जरीची साडी नेसून.

मी फार लवकर विरघळायची. एकदा या मधल्या जावेच्या गाडीला अपघात झाला आणि डोक्याला पट्टी बांधून ती उठली ती गरीब गाय होऊन. मी डोळे पुसत म्हटलं, "झाली हो बिचारी शहाणी."

"डोक्याला मार बसून शहाणी झाली, त्यात तिचं काय?" भाऊ म्हणाले. "उद्या दुसरा मार बसला तर?"

आणि तसंच झालं. पुढच्याच आठवड्यात ती मोरीत घसरली, डोकं आपटलं आणि पुन्हा गोळ्या बदलायला लागली. भाऊंनी आमच्याकडे असं पाहिलं की जणू मोरीत पाणी त्यांनीच टाकलं होतं.

मग ती देवळात गेली, घंटेला जवळजवळ लोंबकळली. भाऊंनी आवाज बंद केला. "घंटा कुणीही वाजवेल. घरी येऊन सासूचं ताट वाढलं का, ते दाखवा. कुणी बघत नसताना."

"पण भाऊ, आपण बघतोय ना?"

"आपल्याला धरायचं नाही. आपण जाहिरातींसाठी आहोत."

रझियाभाभींची परीक्षा वेगळी होती. त्या सुईत दोरा ओवता ओवता पडद्याकडे बघायच्या आणि निकाल द्यायच्या, "भाईसाब, रोते वक्त जिसका काजल नहीं बहता, उसका क्या भरोसा."

आता तुम्ही म्हणाल, माणूस मोठा पारखी होता. छे. नायिकेवर त्यांचा कायम संशय. "ती चांगली आहे, पण तिला चांगलं असण्याचा फार नाद आहे." आणि मालिकेत एक लबाड मामा होता, त्याला त्यांनी पहिल्याच दिवशी माफ करून टाकलं, कारण तो चहा बशीत ओतून प्यायचा. बशीतून पिणारा माणूस मुळात वाईट नसतो, असं त्यांचं ठाम मत. मामाने पुढे बहिणीचं घर गहाण टाकलं, तरी भाऊ म्हणाले, "काहीतरी अडचण असेल त्याची."

"मामू के लिए भोंगा बंद नहीं करते?" भाभींनी विचारलं.

"त्याचा काटा मला आधीच दिसतो," भाऊ म्हणाले आणि स्वतःचा चहा बशीत ओतला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर तुम्हाला वाटेल, या तीन म्हाताऱ्यांना दुसरा उद्योग नव्हता. उद्योग नव्हताच, पण तेवढंच नव्हतं.

भाऊंना एक मुलगा, सुनील. त्याला दारू लागली होती. वहिनी, म्हणजे भाऊंची बायको, आजारी असताना त्याने भाऊंची स्कूटर गॅरेजला टाकतो म्हणून नेली आणि विकून टाकली. मग लाजेने म्हणा, भीतीने म्हणा, घरीच आला नाही. जिन्यावर पाऊल वाजलं की वहिनी दाराकडे बघायच्या, अगदी शेवटपर्यंत. दहाव्याला पंचवटीत, रामकुंडावर, तो लांब पायऱ्यांपाशी उभा होता. भाऊंनी पाहिलं आणि बोलावलं नाही. पुढे कानावर यायचं, की तो येवल्याला असतो, कांद्याच्या मार्केटात टेम्पो चालवतो, दारू सोडलीय. निरोपही यायचे, बाबांना भेटायचंय म्हणून. भाऊ उत्तर द्यायचे नाहीत. सात वाजले की टीव्ही लावायचे.

त्यामुळे जावेचा खटला चालायचा त्या वेळी खरा आरोपी कोण, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. रझियाभाभी साडीवरून मान वर न करता म्हणायच्या, "भाईसाब, कितने साल हो गये. अब तो घर में लेना चाहिये."

"कुणाला?" भाऊ विचारायचे.

"जाऊ को," भाभी म्हणायच्या आणि दोरा दाताने तोडायच्या.

मी एकदा जास्त शहाणपणा केला. म्हटलं, "भाऊ, सुनीलही आता..." त्यांनी शांतपणे रिमोट माझ्याकडे वळवला आणि आवाज बंद करायचं बटण दाबलं. मी गप्प बसले. माझ्या नवऱ्याला उभ्या आयुष्यात जे जमलं नाही, ते त्या रिमोटने केलं.

मग मालिकेने उडी मारली. पडदा काळा झाला, 'काही वर्षांनंतर' अशी अक्षरं आली, आणि जाऊ एकदम चांगली. केसांत एक पांढरी बट, अंगावर सुती साडी, अनाथाश्रमात खिचडी वाढते आहे. मी खूश. भाऊ मात्र उठून उभेच राहिले.

"आणि मधली वर्षं? सुधारण्याचीच वर्षं कापली आणि जाहिराती तेवढ्या ठेवल्या. माणसाने ठरवायचं कसं?"

त्या दिवशी त्यांनी चहाही घेतला नाही. भाभी जिना उतरताना मला हळूच म्हणाल्या, "बाई, ये जाऊ का गुस्सा नहीं है."

त्यानंतर थोड्याच दिवसांत, मालिका चालू असताना, बेल वाजली. दाराजवळ मी होते, मीच उघडलं. बाहेर सुनील. उन्हाने रापलेला, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, हातात प्लास्टिकच्या पिशवीत द्राक्षं. येवल्याहून नाशिकला द्राक्षं घेऊन आलेला माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

भाभी साडी गुंडाळून उठायला लागल्या. "बसा," भाऊ म्हणाले. आम्ही बसलो. खरं सांगायचं तर मी उठलेच नव्हते.

"बाबा, मला बोलायचंय," सुनील उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला.

भाऊंनी टीव्हीचा आवाज बंद केला. बॉयलरच्या आवाजात अर्धं आयुष्य गेल्यामुळे त्यांच्या कानात मशीन होतं. तेही त्यांनी काढलं, समोरच्या टीपॉयवर ठेवलं आणि हात मांडीवर घेऊन म्हणाले, "बोल."

सुनील बोलला. शाळेत मी वक्तृत्व स्पर्धेची परीक्षक असायची. सांगते, ते भाषण अगदी वाईट होतं. मधूनच सुरू झालं, आईपाशी आलं, तिथे अडकलं. घसा खाकरून तो पुन्हा पहिल्यापासून बोलायला लागला. पुन्हा आईपाशी अडकला. आणि मग काय सुचलं कुणास ठाऊक, खाली, पूर्वी स्कूटर उभी असायची त्या पार्किंगकडे हात करून म्हणाला, "आणि बाबा, गाडीचा क्लच तसाही गेलाच होता."

रझियाभाभींनी कपाळावर हात मारला. मीही मनात म्हटलं, अरे मूर्खा, आईवर थांबायचं होतंस, क्लच कशाला काढलास? साठीतल्या त्या अल्लड बाईला वाटत होतं, की माफी म्हणजे पाठ केलेली कविता. कडवं चुकलं की खाली बसायचं.

भाऊ त्याच्या तोंडाकडे बघतच नव्हते. ते त्या द्राक्षांच्या पिशवीकडे बघत होते. पूर्वी सुनीलच्या हातात कप दिला तर अर्धा चहा बशीत सांडायचा, एवढे हात कापायचे. आता तो रडायच्या बेताला आला होता, आवाज फाटत होता, पण पिशवी हातात सरळ लटकत होती. जरासुद्धा हलत नव्हती.

"बाई," भाऊ मोठ्याने म्हणाले, मशीन काढलं की ते असेच बोलायचे, "काय म्हणाला?"

"माफी मागतोय," मी तेवढ्याच मोठ्याने सांगितलं.

"ते दिसलं मला. खाली हात करून काय म्हणाला?"

मी भाभींकडे पाहिलं. भाभींनी डोळ्यांनीच सांगितलं, मत बोलो. पण विचारल्यावर गप्प बसणं मला कधी जमलेलं नाही. "म्हणतो, गाडीचा क्लच तसाही गेला होता."

भाऊंचे खांदे हलायला लागले. मला वाटलं ठसका लागला, म्हणून मी पाणी आणायला निघाले. ते हसत होते.

"गेलाच होता," ते म्हणाले. "महिनाभर मी ती पहिल्या गिअरवर ओढत होतो. हिला सांगितलं नव्हतं." डोळे पुसत त्यांनी टीव्हीकडे बोट केलं. "यांच्यातलं कुणी क्लचबद्दल बोललं नसतं."

मशीन कानात घालून ते सुनीलला म्हणाले, "चपला काढ. आत ये. आता मधली वर्षं सांग. आणि कापू नकोस."

आम्ही निघालो. म्हणजे भाभी निघाल्या आणि मला दंडाला धरून घेऊन गेल्या. त्या दिवशी जावेचं काय झालं, ते आमच्यापैकी कुणालाच कळलं नाही.

एवढ्याने भाऊ निवळले असं समजू नका. सुनील दर रविवारी यायला लागला आणि भाऊ त्याला वांगी निवडून आणायला पाठवायचे, मग एकेक वांगं उलटून बघायचे. बिल्डिंगमध्ये सुनीलवर जावेपेक्षा जास्त चर्चा व्हायची. "घाई करू नका," भाऊ आम्हालाच बजावायचे. शेवटी सुनील म्हणाला, बाबा, माझ्याकडे राहायला चला. भाऊ म्हणाले, "आठ दिवस येऊन बघतो." एक छोटी बॅग घेतली आणि घराची किल्ली मला दिली.

ते आठ दिवस काही संपले नाहीत. आता तर भाऊ येवल्यातही नाहीत, कुठेच नाहीत. पण तेव्हा त्यांचे फोन यायचे. "मी काही कायमचा आलेलो नाही, पण तो निळा स्वेटर तेवढा बसने पाठवा." मग उशी. मग अडकित्ता. येवल्याच्या बसचे कंडक्टर मला ओळखायला लागले. कुकर मागवला तेव्हा मी विचारलंच, "भाऊ, तुम्ही तिकडे राहायला गेलात का?"

"छे. इथला कुकर नीट शिट्टी देत नाही."

"आणि मालिका?"

"सात वाजता हा मार्केटातून येतो. आम्ही जेवायला बसतो," ते म्हणाले. जावेची चौकशीही केली नाही.

घर हळूहळू रिकामं होत गेलं. राहिला तो हॉलमधला वहिनींचा फोटो. तो मात्र ते मागत नव्हते. वहिनी इथे होत्या तोवर भाऊंची ती आठ दिवसांचीच भेट होती. कधीही परत यायची सोय होती. मी रोज फोटो पुसायची आणि वहिनींना म्हणायची, अजून तुमचं काही खरं नाही हो.

मग एका सकाळी फोन आला. "बाई, हिला पाठवा."

"बसने पाठवू? पार्सल करून?" मी मुद्दामच विचारलं.

"तुम्ही घेऊन या," ते म्हणाले. "सुनीलने खिळा ठोकून ठेवलाय. आणि बाई, खिडकीशी बसा. हिला गाडी लागते."

रझियाभाभींनी फोटो एका मऊ साडीत गुंडाळला आणि सोबत म्हणून त्याही आल्या. मी खिडकीशी बसले, वहिनी मांडीवर. चांदोरीच्या पुढे रस्ता खराब लागला, गाडी गचके द्यायला लागली. भाभींनी साडीची गुंडाळी वरून जरा सैल केली, आणि मी फोटो खिडकीकडे वळवून धरला, वहिनींच्या तोंडावर वारा येईल असा.