चिंध्यांचं झाड

आयर्लंडच्या पश्चिमेला एका जुन्या विहिरीकाठी हॉथॉर्नचं काटेरी झाड आहे. त्याला पानांपेक्षा चिंध्याच जास्त. मी जिच्याकडे उतरले होते त्या नोराने मला तिथे नेलं. नवऱ्याच्या जुन्या सदऱ्याची पट्टी तिने विहिरीत भिजवली, त्याच्या पाठीचं दुखणं पुटपुटत सांगितलं आणि ती फांदीला बांधली. ही रीत तिच्या आजीच्या आजीपासूनची. विहिरीला संताचं नाव मिळालं, त्याच्याही आधीची असेल म्हणे.

मला आईचे दुखरे गुडघे आठवले. विमानतळावर चटकन ओळखू यावी म्हणून माझ्या सॅकला तिच्या जुन्या साडीची पट्टी बांधलेली होती. ती मी सोडली, पाण्यात बुडवली आणि फांदीला चांगली घट्ट निरगाठ मारली.

नोराने कापड चिमटीत धरून पाहिलं. "कसलं आहे हे?"

"नायलॉन. वीस वर्षं झाली, रंगसुद्धा गेला नाही," मी कौतुकाने म्हणाले.

"मग सोड गं बाई ते! चिंधी कुजत जाते, तसं दुखणं जातं. हे कधी कुजायचं?"

मी खजील होऊन नखाने गाठ उकलू लागले. जन्मभर मी टिकेल तेच घेत आले. इथे शेकडो माणसांनी विरणाऱ्या कापडावर भरवसा ठेवला होता, आणि ऊन, वारा, पाऊस मुकाट्याने त्यांचं काम करत होते.

गाठ सुटली तशी मी मान वर केली. डोक्यावरच्या फांदीला नुसता एक राखाडी दोरा लोंबत होता.

कुणाचं तरी दुखणं आता एवढंच उरलं होतं.