चौथा दिवा

माझ्या वहिनीला कारखान्यातल्या मुली पाठीमागे ‘मोजपट्टी’ म्हणायच्या. रेनकोट शिवायच्या त्या कारखान्यात ती बावीस वर्षं लाइन सुपरवायझर होती. शिवण दोराभर वाकडी गेली तरी तिला तीन टेबलांवरून दिसायचं, आणि मग तिचं ठरलेलं वाक्य यायचं, “मशीनला नावं ठेवू नकोस, हात नीट चालव.” सगळ्यांनी तिच्यापुढे हात टेकले होते, फक्त माझा दादा सोडून. दादा त्याच कारखान्यात मेकॅनिक. तो खिशातला स्क्रू ड्रायव्हर काढत म्हणायचा, “अगं, आधी मशीन बघ.” हा वाद दोघांनी लग्नानंतर घरी आणला आणि वीस वर्षं पुरवला. दार नीट लागलं नाही तरी तेवढ्यावरून सुरू व्हायचा.

मग दादाला पक्षाघाताचा झटका आला. बोलणं गेलं, आणि डाव्या हाताचं एक बोट सोडलं तर काही हलेना. डोकं मात्र शाबूत होतं. डोळ्यांची उघडझाप करून तो हो-नाही सांगायचा, पण त्यासाठी विचारणारं कोणीतरी समोर लागायचं.

वहिनीला तीन महिन्यांची रजा मिळाली होती. ती संपल्यावर हजर झाली नाही, तर नाव कमी होणार. माझी नोकरी पाळीची. शेजारच्या काकू दिवसा लक्ष ठेवायला तयार होत्या, पण सारख्या फेऱ्या मारणं त्यांच्या गुडघ्यांना झेपणारं नव्हतं. दादाला स्वतः हाक मारता आली तरच तो घरी राहणार होता, नाहीतर शुश्रूषागृह. तिथली खाट मीच सांगून ठेवली होती. वहिनी त्यावर माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी तिने वाचनालयाच्या माडीवर चालणाऱ्या संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं. मायक्रोकॉम्प्युटरचा वर्ग. शिकवणारी मुलगी वहिनीच्या निम्म्या वयाची. फळ्यावर काही न लिहिता तिने प्रत्येकाच्या हातात तळहाताएवढा एक बोर्ड, एक बारका दिवा आणि दोन वायरी ठेवल्या आणि म्हणाली, “पेटवा.” वहिनीने दिवा थेट जोडून जाळला. “जळू दे काकू,” मुलगी खुशीत हसून म्हणाली, “आता मध्ये वीज आवरणारा रेझिस्टर लावायला तुम्ही जन्मात विसरणार नाही.” वहिनी घरी आली ती खूश होऊन. माल वाया घालवल्यावर कोणी खूश होतं, हे तिने आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं होतं.

मग स्वयंपाक करतानाही बोर्डाला द्यायच्या हुकमांची तिची बडबड सुरू झाली. दिवा लाव, थांब, विझव, थांब, परत वरून सुरू कर. चार आठवड्यांत ती बटणाने दिवा लावू लागली आणि तिला घाई झाली. पुढचा धडा वर्गात व्हायच्या आधीच पुस्तकातून उतरवून तिने दादाच्या खाटेला एक बटण आणि तीन दिवे बसवले. एकदा दाबलं तर पाणी. दोनदा दाबलं तर कूस बदलायची. तीनदा दाबलं तर काकूंकडे घंटा.

पहिल्या दिवशी दादाने दाबलं आणि दुसरा दिवा लागला. आम्ही दोघांनी मिळून त्याला कुशीवर वळवलं. पुन्हा दुसरा. पुन्हा वळवलं. मग घंटा वाजली, काकू धापा टाकत आल्या, आणि त्याला हवं होतं नुसतं पाणी. कधी बरोबर, कधी चूक, असं आठवडाभर चाललं.

“अहो, एकदाच दाबायचं, एकदाच!” वहिनी ओरडायची. “हात नीट चालवा जरा!” मीही शहाणपणा पाजळायचो, “दादा, बोट उचल की लगेच.” तो बटणाकडे बघायचा, मग वहिनीकडे, मग परत बटणाकडे. आम्ही म्हटलं, बिचाऱ्याला लाज वाटतेय. हो-नाही सांगणारे डोळे समोर होते, पण बटणाबद्दल आम्ही त्याला काही विचारलंच नाही. नुसतं सुनावत सुटलो. मी शुश्रूषागृहाला फोन करून तारीखसुद्धा पक्की केली. आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

पुढच्या आठवड्यात वर्गात मोजणीचा धडा आला. बटण दाबायचं आणि पडद्यावर आकडा बघायचा. वहिनीने एकदा दाबलं. आकडा आला तीन. पुन्हा दाबलं, दोन. तिने बोर्ड बदलून पाहिला, तरी तेच.

“माझा हात बावीस वर्षांत थरथरलेला नाही,” ती म्हणाली.

“हात बरोबरच आहे, काकू. बटणातल्या पट्ट्या एकमेकींवर आपटून नाचतात. आपल्याला ते दिसत नाही, पण या बोर्डाला प्रत्येक टक्कर वेगळी दिसते. पहिल्या टकरीनंतर जरा थांबून परत बघायला सांगा त्याला.”

वहिनी पुढचं ऐकायला थांबलीच नाही. पिशवी उचलली आणि जवळजवळ पळतच घरी आली. चपलाही न काढता खाटेशी बसली आणि म्हणाली, “तुम्ही एकदाच दाबत होतात?”

दादाने डोळे मिटून उघडले. हो.

“रोज?”

हो.

ती त्याच्या छातीवर डोकं ठेवून रडली. मी उगाच पाणी आणायला गेलो.

मग तिने प्रोग्राममध्ये थांबण्याची एक ओळ घातली आणि दादाकडून पन्नास वेळा दाबून घेतलं. एकदाही चूक झाली नाही. मी फोन करून खाट नको म्हणून कळवलं. वहिनीने आणखी एक दिवा जोडला, चारदा दाबल्यावर टिकटिक वाजून लागणारा, आणि त्याखाली सुवाच्य अक्षरात चिठ्ठी चिकटवली, ‘आधी मशीन बघ.’

“घ्या,” ती म्हणाली, “तुमचं वाक्य तुम्हाला परत दिलं.”

रजा संपली त्या सकाळी ती कामावर निघाली. बाहेरच्या दाराची किल्ली सापडेना. काकू येऊन बसल्या होत्या, उशीर होत होता, आणि वहिनी माझ्यावर उखडली, “भाऊजी, तुम्हीच हलवली असणार, तुमच्या हाताला वळणच नाही!”

आतल्या खोलीतून टिकटिक आली. चौथा दिवा.

वहिनीने ओठ आवळून आपली पर्स उघडली. किल्ली तिच्यातच होती. ती आत गेली, दादाचं पांघरूण सारखं केलं आणि म्हणाली, “कळलं हो.”